दहा प्रश्नांत बालपण मावतं का? एसीई अभ्यास नीट वाचताना

पेट पास झालात, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, नर्सिंग, यातला कुठलाही विषय असो, गेल्या काही वर्षांत एक शीर्षक फार दिसतं: 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील बालपणातील प्रतिकूल अनुभव व नैराश्य यांचा सहसंबंध'. पुढे जिल्ह्याचं नाव. आणि पहिल्याच पानावर एक वाक्य असतं: बालपणात चार किंवा त्याहून जास्त प्रतिकूल अनुभव आले असतील तर आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका १२ पटींनी वाढतो. संदर्भ, फेलिटी व इतर, १९९८.

हे वाक्य जिथून आलं तो पेपर उघडून वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. म्हणून आज तोच पेपर वाचू. जमलं तर दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा, शोधला की सापडतो. माझं मत आधीच सांगते. पेपर महत्त्वाचा आहे आणि त्याने दाखवलेली गोष्ट खरी आहे. पण ती गोष्ट लोकसंख्येबद्दल आहे, आणि आपण ती समोर बसलेल्या एका माणसाबद्दल वापरतोय. या घसरणीत नुकसान होतं ते फॉर्म भरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराचं किंवा पोरीचं.

आधी पार्श्वभूमी. व्हिन्सेंट फेलिटी हे सॅन दिएगोला कैसर पर्मनंटे या आरोग्यविमा-संस्थेत डॉक्टर होते. १९८०च्या दशकात ते लठ्ठपणावरचा एक कार्यक्रम चालवायचे. त्यात एक कोडं होतं: ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक कार्यक्रम सोडून जात होते. मुलाखती घेतल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. काहींच्या बाबतीत वजन हे जणू चिलखत होतं. इथून फेलिटी आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेतले रॉबर्ट ॲन्डा एकत्र आले आणि 'ॲडव्हर्स चाइल्डहूड एक्स्पिरियन्सेस' हा अभ्यास उभा राहिला. आपण त्याला एसीई म्हणू.

त्यांनी केलं काय? कैसरच्या दवाखान्यात तपासणी करून गेलेल्या १३,४९४ प्रौढांना टपालाने प्रश्नावली पाठवली. ९,५०८ जणांनी, म्हणजे ७०.५ टक्क्यांनी, ती भरून पाठवली. अपुरी माहिती असलेले वगळून शेवटी ८,०५६ जण उरले. त्यांचं सरासरी वय ५६ वर्षं. जवळजवळ ८० टक्के गोरे. ४३ टक्के पदवीधर. सगळे विमाधारक.

इथे थांबा. ५६ वर्षांच्या माणसाला पहिल्या अठरा वर्षांबद्दल विचारलंय, म्हणजे मधे चाळीस वर्षं गेलीत. आणि जे तरुणपणीच गेले, तुरुंगात होते, ज्यांना विमाच नव्हता, ते या नमुन्यात नाहीतच. बालपणाचा सर्वात जास्त मार बसलेले लोक कदाचित याच गटांत असतील. त्यामुळे परिणाम कमी दिसला असण्याची शक्यता आहे, जास्त नव्हे. टीका करायची म्हणजे पेपरच्या विरोधातच बोलायचं असं नसतं. त्रुटी कोणत्या दिशेला ढकलते हेही सांगावं लागतं. व्हायव्हात हाच प्रश्न येतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावरून पेपर न वाचलेला माणूस लगेच ओळखू येतो. '१९९८च्या अभ्यासातल्या दहा एसीई' असं लिहिलेलं असतं. त्या पेपरात दहा नाहीत, सात आहेत: मानसिक, शारीरिक आणि लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरात व्यसनी माणूस, घरात मानसिक आजारी किंवा आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस, घरातलं कुणी तुरुंगात गेलेलं. दोन प्रकारची हेळसांड आणि आईवडिलांचं वेगळं होणं नंतर जोडलं गेलं, तेव्हा दहा झाले. सिनॉप्सिसमध्ये दहा लिहून १९९८चा संदर्भ दिलात तर जाणकार परीक्षक पुढचं वाचायच्या आधीच पेन उचलतो.

बरं, ते '१२ पट'. तक्त्यात बघा. शून्य स्कोअर असलेल्यांत १.२ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. चार किंवा जास्त असलेल्यांत १८.३ टक्क्यांनी. हा फरक प्रचंड आहे, त्यावरून नजर हटू देऊ नका. १२.२ हा आकडा मात्र ऑड्स रेशो आहे, तोही वय, लिंग, वंश आणि शिक्षण यांचा हिशेब धरून काढलेला. पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टमध्येच त्याला 'धोका' म्हटलंय आणि तिथून सगळीकडे तसंच पसरलं.

ऑड्स आणि धोका यात फरक काय? हजारातल्या १८३ जणांनी प्रयत्न केला, तर धोका म्हणजे १८३ भागिले १०००. ऑड्स म्हणजे १८३ भागिले ८१७, केलेले विरुद्ध न केलेले. घटना विरळ असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. घटना सर्रास आढळणारी असेल तर ऑड्स रेशो फुगतो. नैराश्याचंच घ्या. मागच्या वर्षात दोन आठवडे किंवा जास्त उदास वाटलं, असं शून्यवाल्यांत १४.२ टक्के सांगतात, चारवाल्यांत ५०.७ टक्के. सरळ भागाकार केला तर साधारण साडेतीन पट. पेपरातला ऑड्स रेशो ४.६ आहे, तोही इतर घटकांचा हिशेब धरल्यावरचा. मग 'नैराश्याचा धोका ४.६ पट' असं लिहिणं चूक आहे, आणि ही चूक छापील प्रबंधांतही सापडते. शिवाय दोन आठवडे उदास वाटणं म्हणजे नैराश्याचं निदान नव्हे. तो एक प्रश्न होता, त्याला दिलेलं एक उत्तर.

आता तेच टक्के उलटे वाचून बघा. चार किंवा जास्त स्कोअर असलेल्यांपैकी निम्म्यांना ते उदास दोन आठवडे आलेच नाहीत. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी कधीच आत्महत्येचा प्रयत्न केला नाही. हेही त्याच तक्त्यात आहे. ते कुणी का उद्धृत करत नाही?

आणखी एक हिशेब, पेन्सिलीने करता येण्यासारखा. शून्य स्कोअरचे लोक होते ३,८००च्या आसपास, चार-किंवा-जास्तचे साडेपाचशेच्या आत. ३,८००चे १४.२ टक्के म्हणजे साधारण ५४०. दुसऱ्या गटाचे ५०.७ टक्के म्हणजे साधारण २७५. उदास असलेल्यांची रांग लावली तर 'काहीच घडलं नाही' म्हणणारे दुप्पट निघतात. जास्त धोका एका गटात, जास्त माणसं दुसऱ्या गटात. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५मध्ये हे कोडं फार सुंदर मांडलंय, साथरोगशास्त्र शिकणाऱ्याने तो निबंध वाचायलाच हवा. आपल्यापुरता अर्थ असा की फक्त स्कोअर बघून मदत द्यायची ठरवली तर मदत लागणारे बहुसंख्य लोक बाहेर राहतील.

मग स्कोअर स्वतः काय आहे? बेरीज. प्रत्येक प्रकाराला एक गुण. रोज मार खाल्ला तरी एक. वडील एकदा तुरुंगात जाऊन आले तरी एक. तीन वर्षांचे असताना झालं की सतराव्या वर्षी, फरक नाही. त्यानंतर एखादी मावशी, एखादे शिक्षक पाठीशी उभे राहिले का, हे विचारलेलंच नाही. हजारो लोकांची सरासरी काढताना हे खडबडीतपण चालतं, चुका एकमेकींना खोडतात. एका माणसाला 'तुझा स्कोअर सहा' म्हणून सांगताना काही खोडलं जात नाही.

हे मीच म्हणते असं नाही. खुद्द रॉबर्ट ॲन्डा यांनी सहकाऱ्यांसोबत २०२०मध्ये लेख लिहून बजावलं की हा स्कोअर व्यक्तीचं मोजमाप म्हणून बनवलेला नाही आणि तसा वापर चुकीचा ठरेल. गंमत बघा, त्याच वर्षाच्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात सरकारी आरोग्ययोजनेतल्या रुग्णांची एसीई तपासणी करण्यासाठी डॉक्टरांना प्रत्येक तपासणीमागे २९ डॉलर मिळू लागले. ज्याने माप बनवलं तो सांगतोय असं वापरू नका, आणि सरकार वापरण्याचे पैसे देतंय.

तपासणीने ओळखता तरी येतं का? जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये हे तपासलं. इंग्लंड-वेल्समधल्या जुळ्यांचा ई-रिस्क अभ्यास आणि न्यूझीलंडमधला ड्युनेडिन अभ्यास, या दोन्हींत मुलांना लहानपणापासून मोठेपणीपर्यंत पाहिलेलं आहे. गटांच्या सरासरीत संबंध स्पष्ट दिसला. पण नेमक्या कोणत्या मुलाला पुढे त्रास होईल हे सांगायची क्षमता? ती मोजायचं एक माप आहे, ज्यात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक भाकीत. इथे ते ०.६च्या आसपास आलं. नाणेफेकीपेक्षा थोडं बरं, एवढंच. संबंध 'सिग्निफिकंट' असणं आणि भाकीत करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पी-व्हॅल्यू बघून निष्कर्ष लिहायची सवय असलेल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते इथून पुढच्या संशोधनाने.

एसीई प्रश्नावली काय मोजते? आपण म्हणतो, बालपणी काय घडलं ते. प्रत्यक्षात ती मोजते, मोठा झालेला माणूस आज काय आठवतो आणि काय सांगतो ते. या दोन्ही गोष्टी साधारण सारख्याच असतील असं आपण गृहीत धरतो. बाल्डविन यांच्याच गटाने २०१९मध्ये हे गृहीतक तपासलं. ज्या अभ्यासांत लहानपणी त्याच वेळी केलेली नोंदही होती आणि मोठेपणी विचारलेलंही होतं, असे १६ अभ्यास, २५,४७१ माणसं. दोन्हींचा मेळ कप्पा या मापाने मोजला, ज्यात शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळेल तेवढंच आणि एक म्हणजे पूर्ण मेळ. आलं ०.१९. नोंदीत छळ आहे अशांपैकी ५२ टक्के मोठेपणी तो सांगत नाहीत. मोठेपणी सांगतात त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांची त्या वेळची नोंद सापडत नाही. म्हणजे ही दोन मापं बहुतांशी वेगवेगळी माणसं पकडतात.

लगेच 'म्हणजे लोक खोटं सांगतात' या निष्कर्षावर उडी मारू नका. घरातला छळ कोर्टात, दवाखान्यात, समाजसेवकाच्या वहीत किती पोचतो? फारच थोडा. नोंद नाही म्हणजे घडलं नाही, असं म्हणायला आपल्याकडे तर काहीच आधार नाही. आणि जे सांगत नाहीत त्यांच्यात विसरलेले असतील, लाजेने गप्प असतील, 'त्यात काय एवढं, सगळ्यांनाच बसायचा मार' म्हणणारेही असतील.

पुढचा प्रश्न असा की मोठेपणीचं मानसिक दुखणं यातल्या कुणाच्या वाट्याला जास्त येतं? आंद्रेआ डॅनेसे आणि कॅथी स्पॅट्झ विडम यांचा २०२०चा पेपर यावर आहे. विडम यांच्याकडे एक दुर्मीळ नमुना होता: अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातली, १९६७ ते १९७१ या काळात छळ किंवा हेळसांड झाल्याची कोर्टात नोंद असलेली मुलं, आणि त्यांच्याशी जुळणारी, नोंद नसलेली मुलं. ही मुलं तिशीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा त्यांना विचारलं. या पेपरात १,१९६ जणांचे चार गट पडले: नोंद आहे आणि सांगतातही, नोंद आहे पण सांगत नाहीत, नोंद नाही पण सांगतात, आणि दोन्ही नाही.

जे सांगत होते त्यांच्यात मानसिक विकार जास्त होते, नोंद असो वा नसो. ज्यांची कोर्टात नोंद आहे पण जे सांगत नाहीत, त्यांच्यात विकारांचं प्रमाण दोन्ही नसलेल्या गटापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. कोर्टाने मान्य केलेला छळ, तरी.

हा निष्कर्ष वाचून आमच्या वाचनगटात बरीच गरमागरमी झाली. एक जण म्हणाला, 'म्हणजे विसरून जा, बरे व्हाल, असंच ना?' नाही. हा अभ्यास तसं म्हणूच शकत नाही. आज उदास असलेल्याला जुन्या वाईट गोष्टी जास्त आठवतात, म्हणजे बाण उलट दिशेनेही जाऊ शकतो. ड्युनेडिनच्या माहितीवर ॲरन रूबेन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये याच्या जवळचं दाखवलं होतं: मोठेपणच्या आठवणींचा संबंध स्वतःच सांगितलेल्या त्रासाशी जास्त घट्ट दिसतो, आणि तब्येतीच्या प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टींशी सैल. एकाच माणसाला एकाच बैठकीत 'तेव्हा कसं होतं' आणि 'आता कसं वाटतं' असं दोन्ही विचारलं की उत्तरं एकमेकांना रंगवतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नेमका हाच आराखडा आहे. एक गूगल फॉर्म, त्यात आधी एसीई, खाली नैराश्याची मापनी, आणि शेवटी सहसंबंध गुणांक.

कारणाबद्दलही दोन शब्द, कारण 'स्कोअर वाढतो तसा त्रास वाढतो, म्हणजे कारण सिद्ध झालं' हे वाक्यही फार दिसतं. पायरीपायरीने वाढणारा संबंध हा पुरावा आहे खरा, पण गरिबी, आईवडिलांचं स्वतःचं आजारपण, आनुवंशिकता या गोष्टीही पायरीपायरीनेच वाढतात. हे वेगळं काढायला जुळ्यांचे, भावंडांच्या तुलनेचे अभ्यास लागतात. असे ३४ अभ्यास, ५४,६४६ माणसं, यांचं एकत्र विश्लेषण २०२३मध्ये आलं, तेही बाल्डविन यांच्या गटाकडून. छळ आणि मानसिक त्रास यांच्यातल्या संबंधाचा आकार आधी ०.५६ होता, घरचा आणि जनुकांचा वाटा वजा केल्यावर ०.३१ उरला. जवळजवळ निम्मा गेला. पण निम्मा राहिला. छळाने नुकसान होतं हे या वजाबाकीनंतरही टिकलंय, म्हणून मला हा आकडा मोठ्या आकड्यापेक्षा जास्त वजनदार वाटतो.

मग बरं होण्याचं काय? १९९८चा पेपर याबद्दल जवळजवळ गप्प आहे. तो जोखीम मोजायला निघाला होता. त्याच्या आधारावर 'उपचारांची गरज सिद्ध होते' लिहिणं ठीक, 'हा उपचार चालतो' लिहिणं नाही.

बरं होण्याबद्दल मजबूत पुरावा हवा तर रोमेनियाकडे बघा. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं होती. चार्ल्स नेल्सन, चार्ल्स झिना आणि नेथन फॉक्स यांनी बुखारेस्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला १३६ लहान मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ६८ मुलं पालनकर्त्या कुटुंबांत गेली, ६८ तिथल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयाला बुद्ध्यांकाची सरासरी संस्थेच्या गटात ७३, कुटुंबांत गेलेल्यांची ८१, आणि कधीच संस्थेत न राहिलेल्या आसपासच्या मुलांची १०९. आठ गुणांची सुधारणा आणि अठ्ठावीस गुणांची दरी, दोन्ही एकदम बघायला शिका. चिंता-उदासीच्या प्रकारचे त्रास कुटुंबांत गेल्यावर कमी झाले, अवधान टिकवण्याच्या अडचणींवर तसा परिणाम दिसला नाही. घर मिळालं की सगळं भरून निघतं, असं नाही. काही भरून निघतं, काही नाही, आणि लवकर घर मिळालेल्यांचं जास्त भरून निघतं. (चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना संस्थेत ठेवणं योग्य होतं का? यावर स्वतंत्र पोस्ट लागेल. पालनकुटुंबं तिथे जवळपास नव्हतीच, संशोधकांनी ती उभी केली, आणि नंतर जागा मिळाली तर मुलाला जायला आडकाठी नव्हती. तरी मला पूर्ण समाधान होत नाही.)

दुसरा धागा उपचारांचा. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर यांनी मुलांसाठी बांधलेली ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी बघा. त्यात मूल घडलेलं हळूहळू शब्दांत मांडतं, 'माझीच चूक होती' हा अर्थ तपासतं, आणि सांभाळणारं मोठं माणूस या कामात सामील असतं. घटना बदलता येत नाही, स्कोअरही बदलत नाही. सहा होता, सहाच राहणार. उपचार काम करतो तो त्या घटनेच्या आजच्या अर्थावर. डॅनेसे-विडम यांचा पेपर मला इथे आशेचा वाटतो. त्रास जर निव्वळ नोंदीशी चिकटलेला असता तर समुपदेशकाच्या हातात फारसं काही उरलं नसतं. त्रास आठवणीशी आणि तिच्या अर्थाशी बांधलेला असेल, तर तिथे पोचता येतं. हे माझं वाचन आहे, पेपरने सिद्ध केलेलं नव्हे, म्हणून उद्धृत करू नका.

आता आपल्याकडे. ही प्रश्नावली मराठीत करून आपल्या जिल्ह्यात वापरायची म्हणता तेव्हा काय होतं?

मूळ प्रश्न 'घरातल्या मोठ्या माणसाने' मारलं का, असे आहेत. शाळेत बसलेला मार त्यात धरला जात नाही. महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा बाल-अत्याचार अभ्यास बघा. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा होत असल्याचं सांगितलं. त्यानंतर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने ती बंद केली, पण आज तुमचा फॉर्म भरणाऱ्यांना विचारून बघा. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या, वर्षातले पाच-सहा महिने शाळेबाहेर काढलेल्या बीडच्या मुलीच्या त्या हिवाळ्यांना दहा प्रश्नांत जागा नाही. आणि आजीकडे गावी राहिलेल्या तिच्या भावाचं काय? ती हेळसांड की आधार? जातीवरून वर्गात झालेला अपमान कुठे टाकणार? फिलाडेल्फियात संशोधकांनी हीच अडचण ओळखून वंशभेद, वस्तीतली असुरक्षितता, इतर मुलांकडून होणारी छळवणूक असे प्रश्न वाढवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीतही सामूहिक हिंसा, बालविवाह अशा गोष्टी आहेत. निदान ती तरी घ्या.

भाषांतराचा गुंता वेगळाच. अपमान, शिवीगाळ, कमी लेखणं, हे सगळं मूळ प्रश्नावलीत एकाच प्रश्नात आहे. मराठीत टोमणे मारणं, घालूनपाडून बोलणं, पाणउतारा करणं या वेगवेगळ्या तीव्रतेच्या गोष्टी आहेत. काही घरांत शिवी लाडाने देतात, आणि एकही शिवी न देता सोळा वर्षं पाणउतारा करणारीही घरं असतात. 'घरात मानसिक आजारी माणूस होता का' या प्रश्नाला, जिथे कुणी कधी डॉक्टरकडेच गेलं नाही तिथे काय उत्तर येणार? 'नाही'. 'घरातला माणूस' म्हणजे एकत्र कुटुंबात कोण, तेही ठरवावं लागेल. इंग्रजी-मराठी-इंग्रजी उलटभाषांतर केल्याची एक ओळ लिहून हे सुटत नाही. पाच-दहा जणांना समोर बसवून 'हा प्रश्न वाचून तुम्हाला काय समजलं' असं विचारावं लागतं. वेळ जातो. जाऊ द्या.

आणि शेवटी, जे सिनॉप्सिसच्या एथिक्सच्या परिच्छेदात कधी दिसत नाही. तुमच्या नमुन्यात अकरावी-बारावीची मुलं असतील, म्हणजे अठराच्या आतली, आणि तुम्ही लैंगिक छळाबद्दल विचारणार असाल, तर पॉक्सो कायदा २०१२चं कलम १९ वाचा. गुन्हा घडल्याची माहिती ज्याला कळते त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१मध्ये शिक्षा आहे. 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' हे संमतीपत्रातलं वाक्य मग तुम्हाला पाळता येणार नाही. नावं न घेता फॉर्म भरून घेतला तरी प्रश्न उरतो: कुणीतरी 'हो' वर खूण केली, पुढचं पान उघडलं, तिथे नैराश्याची मापनी, आणि मग 'सहभागाबद्दल धन्यवाद'. ती मुलगी त्या संध्याकाळी होस्टेलवर एकटी आहे. तिच्या हातात तुमच्या अभ्यासाने काय ठेवलं? निदान टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर फॉर्मच्या पहिल्या पानावर हवेत, शेवटच्या नाही, कारण मधेच फॉर्म सोडून जाणारेच बहुधा ज्यांना गरज असते ते. आणि फॉर्म वाटायच्या आधी तुमच्या कॉलेजच्या समुपदेशकाला भेटून विचारा की त्या आठवड्यात पाच जणी आल्या तर त्यांना वेळ देता येईल का. उत्तर 'नाही' असेल तर तारीख पुढे ढकला.